सातासमुद्रांपलीकडचा संसार

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून एकट्याच अमेरिकेस निघाल्या आणि पुढें गोपाळराव त्यांच्या मागोमाग तेथें पोंचले. पति-पत्नींपैकीं एकानें आधीं जावें व दुसऱ्यानें मागाहून जावें, हा प्रकार महाराष्ट्राला तेव्हांपासून ठाऊक आहे. परंतु त्या दोघांना व्हिसा नांवाच्या कागदासाठीं आपलें लग्न परक्या सरकारापुढें सिद्ध करून द्यावें लागलें नव्हतें. आज तें द्यावें लागतें, आणि त्या सिद्धतेच्या खटाटोपांत संसाराचें पहिलें वर्ष, कित्येकदां दुसरेंहि, निघून जातें.

मधल्या काळांत तर हें दार बंदच होतें. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील लोकांना अमेरिकेंत वस्तीस येण्याची मनाई झाली. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविलें. पंजाबांतून कॅलिफोर्नियांत शेतीस गेलेल्या कित्येकांच्या बायका त्यामुळें गांवींच राहिल्या. पुष्कळांची पुन्हां भेटहि झाली नाहीं. २ जुलै १९४६ रोजीं झालेल्या कायद्यानें दार किलकिलें झालें, तें वर्षाला शंभर माणसांपुरतें. आजची व्यवस्था मुख्यतः १९६५ च्या कायद्यावर उभी आहे. तिच्यांत अमेरिकन नागरिकाचा पति वा पत्नी यांना संख्येची मर्यादा नाहीं.

नागरिकाचा, हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. ज्याच्याजवळ केवळ कायम वास्तव्याचें ‘ग्रीन कार्ड’ आहे, त्याच्या पत्नीला निराळ्या रांगेंत उभें राहावें लागतें. त्या रांगेंतील जागा दर वर्षीं मोजक्याच असतात व कोणाची पाळी आली हें दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या व्हिसा-पत्रकावरून समजतें. पति मध्यंतरीं नागरिक झाला तर पत्नी आपोआप पहिल्या वर्गांत येते. लग्न ठरवितांना मुलीकडील मंडळी मुलाचा पगार विचारतात, घर विचारतात. तो नागरिक आहे कीं नुसता रहिवासी, हें मात्र पुष्कळदां अक्षता पडल्यावर विचारलें जातें.

कामाचा आरंभ पत्नीकडून होत नाहीं, तेथें असलेल्या पतीकडून होतो. (पत्नी तेथें आणि पति येथें, असेंहि आतां पुष्कळ घरीं असतें, नियम तेच.) त्यानें ‘आय-१३०’ नांवाचा विनंतीअर्ज करावयाचा. १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जास ६७५ व संगणकावरून केलेल्या अर्जास ६२५ डॉलर अशी फी ठरली. या अर्जानें व्हिसा मिळत नाहीं. हें नातें खरें आहे एवढेंच सरकार मान्य करतें. त्यालाच बहुधा वर्षाहून अधिक काळ लागतो. मंजुरीनंतर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातें. तेथें आणखी फी, पत्नीचा स्वतःचा अर्ज, पतीचें हमीपत्र आणि दाखल्यांच्या प्रती द्यावयाच्या. सर्व कागद पुरे ठरले म्हणजे मुलाखतीची तारीख येते.

या प्रतीक्षेच्या काळांत पत्नीनें पाहुणी म्हणून चार महिने जाऊन यावें, असें कोणासहि वाटेल. पण पाहुण्याचा व्हिसा मागणारा माणूस परत येईल, हें त्यानेंच पटवून द्यावें लागतें. जिनें कायम राहाण्याचा अर्ज करून ठेविला आहे, तिला तें पटविणें फार कठीण जातें. म्हणून रजा साठवून तोच येतो. त्याच्या येण्याजाण्याचीं तिकिटें जपून ठेवावींत. पुढें तींच पुराव्याच्या कामीं येतात.

मराठी घरांत खरी अडचण निघते ती नांवाची. समजा, डोंबिवलीची एक मुलगी आहे. तिचा जन्म इस्पितळांत झाला आणि नगरपालिकेच्या नोंदवहींत ‘मुलगी’ एवढेंच लिहिलें गेलें, कारण बारसें व्हावयाचें होतें. शाळेंत तिचें, वडिलांचें व घराण्याचें अशीं तीन नांवें लागलीं. लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें गेलें, मधलें नांव वडिलांचें जाऊन पतीचें आलें, आडनांव बदललें. विवाहाच्या दाखल्यावर एक नांव, पासपोर्टावर दुसरें, पदवीपत्रावर तिसरें. घरच्यांना यांत कांहींच नवल वाटत नाहीं. दूर बसलेल्या अधिकाऱ्यापुढें मात्र त्या तीन निरनिराळ्या स्त्रिया असतात.

यावर उपाय लपविण्याचा नव्हे, सांगण्याचा आहे. अर्जांत पूर्वीं वापरलेलीं सर्व नांवें विचारलेलीं असतात. तीं सर्व लिहावींत. जन्मनोंदींत नांव मागाहून घालण्याची सोय १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यांत आहे. नोंदच सांपडत नसेल तर तसा दाखला घेऊन जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचीं प्रतिज्ञापत्रें जोडतां येतात. आणि लग्नानंतर नांव बदललेंच पाहिजे, असा कोठलाहि कायदा नाहीं. ज्या मुलीला परदेशीं जावयाचें आहे तिनें कागदोपत्रीं माहेरचेंच नांव ठेविलें, तर सासरच्यांनीं त्यांत मानापमान पाहूं नये हें बरें.

मंगलाष्टकें झालीं, सप्तपदी झाली, पांचशें पानें उठलीं, तरी निबंधकाच्या दाखल्यावांचून हा अर्ज पुढें सरकत नाहीं. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्याप्रमाणें विवाहाची नोंदणी होते. ती लग्नाच्या गडबडींतच उरकून घ्यावी, कारण वराची रजा संपली कीं दोघांच्या सह्या एके ठिकाणीं मिळणें अवघड होतें. दाखला मराठींत असला तर इंग्रजी भाषांतर जोडावें लागतें आणि आपल्यास दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे, असें भाषांतरकारानें खालीं लिहून द्यावें लागतें. पोलिसांच्या नोंदीचा दाखला पासपोर्ट कार्यालयांतून मिळतो.

पतीनें द्यावयाचें हमीपत्र सहसा कोणी नीट वाचीत नाहीं. सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट, म्हणजे शेंकडा १२५ इतकें आपलें उत्पन्न आहे आणि पत्नीस आपण पोसूं, असा तो करार असतो. १९९६ च्या कायद्यानें तो न्यायालयांत बजावतां येण्याजोगा केला आहे. उत्पन्न अपुरें असल्यास तेथील दुसरा नागरिक वा कायम रहिवासी सह-हमीदार होऊं शकतो. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खातीं सुमारें दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडीपर्यंत, किंवा दोघांपैकीं एकाचा मृत्यु होईपर्यंत ही हमी चालते. घटस्फोटानें ती सुटत नाहीं. दूरदेशीं मुलगी देणाऱ्या आईबापांना हें माहीत असणें अगत्याचें आहे; सह-हमीदार म्हणून सहज सही करणाऱ्या मामा-काकांनाहि.

मुलाखतीपूर्वीं नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. क्षयासाठीं छातीचें क्ष-किरण चित्र काढतात व लसी पुऱ्या झाल्या आहेत कीं नाहींत हें पाहतात. मुलाखत मुंबईच्या वकिलातींत होते. पूर्वीं ही वकिलात ब्रीच कँडीस, वांकानेरच्या महाराजांनीं बांधलेल्या वाड्यांत होती. २०११ सालीं ती वांद्रे-कुर्ला संकुलांत गेली. पति हजर असण्याची आवश्यकता नसते, म्हणून बहुतेक मुली एकट्याच आंत जातात. या व्हिसासाठीं इंग्रजीची परीक्षा नाहीं. प्रश्न साधे असतात : ओळख कशी झाली, लग्नास कोण आलें होतें, पति काय करतो, किती वेळां भेट झाली. लग्न वडिलांनीं जमविलें, यांत संशयास्पद कांहींच नाहीं. तसें सरळ सांगावें. दोन्ही घरांतलीं माणसें असलेलीं छायाचित्रें, पत्रव्यवहार, पाठविलेल्या पैशाच्या नोंदी यांनीं जें सिद्ध होतें, तें पाठ केलेल्या उत्तरांनीं होत नाहीं. उलट, केवळ व्हिसासाठीं लग्न केलें असें एकदां ठरलें, कीं त्या व्यक्तीसाठीं पुढें कोणी केलेला अर्जहि, मग तें लग्न कितीहि खरें असो, मंजूर होऊं शकत नाहीं.

एखादा कागद कमी पडला तर प्रकरण थांबवून ठेवितात. त्याला कायमचा नकार समजून घरांत रडारड होते, तिचें कारण नाहीं; मागितलेला कागद दिला म्हणजे तें पुन्हां चालूं होतें. किती दिवसांत, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

मिळालेला व्हिसा बहुधा सहा महिन्यांपुरता असतो, आणि तोहि प्रवेशाचा हक्क नव्हे. विमानतळावरील अधिकारी शेवटचा निर्णय देतो. प्रवेश मिळाला कीं कायम वास्तव्याचें कार्ड मागाहून टपालानें घरीं येतें. त्या दिवशीं लग्नाला दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील तर तें कार्ड दोन वर्षांचेंच, अटीचें असतें. ही अट १९८६ च्या कायद्यानें आली. मुदत संपण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत पति-पत्नींनीं मिळून पुन्हां अर्ज करावयाचा. संसार मोडला असेल, किंवा छळ होत असेल, तर सही पतीवांचून, एकट्या पत्नीची चालते. या वेळीं वकिलात लग्नाचीं छायाचित्रें मागत नाहीं. तेथील कचेरी घरभाड्याच्या करारावर दोघांचीं नांवें आहेत कीं नाहींत, बँकेंत खातें एकत्र आहे कीं नाहीं, हें पाहते. म्हणून पोंचल्यावर पहिल्या महिन्यांतच तीं दोन नांवें लावून घ्यावींत.