कार्बनचे अणुपुंज आणि संगणक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्बनचे मोजके अणू एकत्र येऊन बनलेले पुंज अणुसंख्येनुसार आणि तापमानानुसार साखळी, कडे, वाटी किंवा बंद पिंजरा असे आकार घेतात. एका आकारातून दुसरा कसा घडतो हे प्रयोगात टिपणे अवघड असल्याने संगणकीय सदृशीकरणाचा आधार घेतला जातो. त्याविषयीचे काही समज मात्र तपासून घ्यावे लागतात.

गैरसमज: साठ कार्बन-अणू एकत्र आले की फुटबॉलसारखा रेणूच तयार होतो.

वस्तुस्थिती: क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांनी 1985 मध्ये ओळखलेल्या या रेणूत 12 पंचकोन आणि 20 षट्कोन असतात, पण तेवढेच पंचकोन-षट्कोन निरनिराळ्या रीतींनी जोडून बंद पिंजऱ्याचे 1,812 समघटक, म्हणजे त्याच अणूंच्या वेगळ्या रचना, मांडता येतात. त्यांपैकी एकाच रचनेत कोणतेही दोन पंचकोन एकमेकांना लागून नसतात आणि बंधांवरील ताण कमी राहिल्याने तीच सर्वांत स्थिर ठरते. तरीही तिथवर पोहोचण्याची वाट सोपी असतेच असे नाही.

गैरसमज: सदृशीकरण म्हणजे अणूंच्या हालचालींचे चित्रीकरण.

वस्तुस्थिती: गणनेचे एक पाऊल साधारणपणे एका फेम्टोसेकंदाचे, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाचे असते आणि दहा लाख पावलांनंतरही जेमतेम एक नॅनोसेकंद सरतो. एवढ्या थोड्या काळात पिंजऱ्याची पुनर्रचना दिसणे अवघड असते. उदाहरणार्थ, स्टोन आणि वेल्स यांनी 1986 मध्ये मांडलेल्या रूपांतरात दोन अणूंमधील बंध 90 अंशांतून फिरतो आणि पंचकोनांच्या जागा बदलतात. त्यासाठी अनेक गणनांनुसार सहा-सात इलेक्ट्रॉन-व्होल्टचा ऊर्जा-अडसर ओलांडावा लागतो, तर खोलीच्या तापमानाला उपलब्ध औष्णिक ऊर्जा सुमारे 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणून अभ्यासक तापमान हजारो अंशांपर्यंत चढवतात किंवा आरंभ आणि शेवट यांमधील मार्ग स्वतंत्रपणे शोधतात. अशा गणनेतला काळ प्रयोगातला काळ नव्हे.

गैरसमज: पद्धत कोणतीही घेतली तरी उत्तर एकच येते.

वस्तुस्थिती: वीस अणूंच्या पुंजाबाबत इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचा एक अंदाज पिंजऱ्याला, दुसरा कड्याला, तर क्वांटम माँटे कार्लो पद्धत वाटीला सर्वांत कमी ऊर्जा देत होती. पुढे 2000 मध्ये जर्मन संशोधकांनी वायुरूपात पिंजरा प्रत्यक्ष मिळवला, तो रासायनिक पूर्वरूपापासून मुद्दाम घडवून. त्यामुळे सर्वांत कमी ऊर्जेची रचना कोणती आणि प्रत्यक्षात मिळणारी कोणती, हे प्रश्न वेगवेगळे ठेवूनच गणनेचा निष्कर्ष वाचावा लागतो.