प्रवासाची ऊर्जा

3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्याकडे गाडी सुटली, ती भारतातील विजेवर चालणारी पहिली आगगाडी. त्या काळी कार्बनचा हिशेब कोणी मांडीत नव्हते. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि आता रस्त्यावरची वाहनेही विजेकडे वळू लागली आहेत. मग एवढी वीज लागणार तरी किती?

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या ऊर्जेच्या 100 भागांपैकी जेमतेम 20 ते 25 भाग चाकांपर्यंत पोहोचतात. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेचे 75 ते 80 भाग चाकांना देते. सारांश, जितकी ऊर्जा आज तेलातून खर्ची पडते, तिच्या सुमारे तृतीयांश विजेत तेवढाच प्रवास होऊ शकेल.

येथे एक मेख आहे. 2023–24 मध्ये देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून झाली. औष्णिक केंद्रात कोळशातील ऊर्जेच्या 100 भागांतून सुमारे 35 भागांचीच वीज होते, काही वाटेत तारांमध्ये गळते आणि चाकांपाशी पुन्हा पंचविसाच्या आसपासच उरतात. शहराच्या हवेला उसंत मिळते, हेही थोडे नव्हे. पण इंधनाची खरी बचत सूर्य व वारा यांच्या विजेनेच साधते, कारण तेथे बॉयलरच नाही. त्यातही सूर्याची वीज दुपारी मुबलक असते आणि वाहने बहुधा रात्री घरी परतल्यावर तारेला जोडली जातात. कचेरीच्या आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तेथेच वीज मिळाली, तर हा पेच पुष्कळसा सुटेल.

तथापि वाहन कशावर चालते याइतकेच, त्यात माणसे किती बसतात यालाही महत्त्व आहे. टनाहून जड मोटारगाडीत एकटा मनुष्य बसला, तर ऊर्जेचा बहुतेक भाग गाडी हलविण्यातच जातो. पोलादी रुळावरून धावणाऱ्या पोलादी चाकाला रोध अल्प. शिवाय मुंबईच्या नव्या उपनगरी गाड्यांच्या मोटरी ब्रेक लावताना जनित्रे बनून वीज तारेत परत करतात आणि जवळची दुसरी गाडी ती वापरते. विरारहून वा कल्याणहून दाटीत उभ्याने येणारा प्रवासी म्हणूनच अत्यल्प ऊर्जेत इच्छित स्थळी पोहोचतो. ही काटकसर त्याने हौसेने पत्करलेली नाही. मिळकत वाढताच तो हप्त्याने चारचाकी घेतो, आणि ती विजेवरची असली तरी त्याच्या वाट्याची मागणी अनेक पटींनी चढते. गाड्या वाढवून त्याला डब्यात बसावयास जागा देणे हेदेखील ऊर्जेच्याच नियोजनात मोडते.