पंधरा इंच

कोकणातल्या माणसाला लेप काय ते सांगावे लागत नाही. जिभेसारखा चपटा, एका अंगाने मातकट, दुसऱ्या अंगाने पांढराफेक आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. रव्यात घोळवून तव्यावर टाकला की काट्याची फारशी कटकट नाही, म्हणून आमच्या घरी तो आधी मुलांच्या ताटात पडायचा. या लेपाचा एक थोराड भाऊबंद अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाजणांत राहतो. तिकडे त्याला फ्लाउंडर म्हणतात. मुलीकडे ह्यूस्टनला गेलो की तासाभरावरच्या गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर माझी एक तरी फेरी होतेच, आणि तिथेच या माशाची माझी ओळख झाली.

जन्मतः हा मासा चारचौघांसारखाच असतो, म्हणजे डोळे दोन बाजूंना दोन. पुढे काही आठवड्यांतच उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि स्वारी तळाशी आडवी होते ती कायमची. (आपल्या भाकसात तर आणखी मौज. कुणाचे डोळे डावीकडे, कुणाचे उजवीकडे!) वाळूवर असला तर वाळूचा रंग घ्यायचा, चिखलात असला तर चिखलाचा, अंगावर थोडी माती ओढून घ्यायची आणि पडून राहायचे. धावाधाव करून पोट भरणाऱ्यांतला हा नव्हे.

ते खाजण पाहून मला राजापूरकडच्या खाड्या आठवल्या. तसेच उंच गवत, गवतातून वळत जाणारे अरुंद ओहोळ, तोच चिखलाचा वास. फरक पाण्याचा. मुंबईला उधाणाची भरती चार-पाच मीटर चढते, तिथे सारा खेळ फूट-दीड फुटाचा. चंद्रापेक्षा वाऱ्याचाच अंमल जास्त. उत्तरेचा गार वारा सुटला की खाडीचे पाणी समुद्राकडे रेटले जाते, ओहोळ रिकामे होऊ लागतात आणि पाण्याबरोबर कोळंबी, बोयींची पिल्ले बाहेर पडतात. ओहोळाच्या तोंडाशी हा गृहस्थ आ वासून तयारच असतो. गरवणाराही मग तिथेच गळ टाकतो आणि आमिष तळावरून अगदी सावकाश ओढतो. मासा लागला तरी लगेच हिसका द्यायचा नाही. आमिष तोंडात धरून तो नुसता पडून राहतो. घाई करणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो.

दुसरा प्रकार रात्रीचा, भाल्याचा. वारा पडलेला हवा आणि पाणी नितळ. हातात दिवा, दुसऱ्या हातात काटेरी भाला, आणि गुडघाभर पाण्यातून चालायचे. चालायचे म्हणजे पाय घासत, कारण तळाशी पाकट असतात आणि त्यांच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा पोटरीत. २०२४ च्या ऑक्टोबरात मुलीच्या शेजारच्या एका म्हातारबांबरोबर मी असा दोन-अडीच तास हिंडलो. परवाना त्यांचा, भाला त्यांचा. मी नुसता मागे मागे. पहिले पाऊण तास मला काहीच दिसेना. मग त्यांनी दिवा एका जागी धरला. वाळूवर पानाच्या आकाराची एक पुसट रेघ आणि दोन डोळे. भाला उचललेला, आणि म्हातारबा बघतच राहिले. शेवटी दिवा बाजूला घेऊन पुढे चालू लागले.

मासा लहान होता असे नाही. पंधरा इंचांचा होता की साडेचौदाचा, याची त्यांना खात्री नव्हती. टेक्ससमध्ये २०२० पासून पंधरा इंचांखालचा फ्लाउंडर ठेवता येत नाही. गळाला लागलेला सोडून देता येतो, भाल्याने भोसकलेला सोडून काय उपयोग? तेव्हा मोजमाप करायचे ते आधी, पाण्यातून, नजरेने.

या पंधरा इंचांत आणखी एक गोम आहे. या जातीचा नर बारा इंचांच्या पुढे क्वचितच वाढतो. म्हणजे टोपलीत पडणारा जवळजवळ प्रत्येक मासा ही मादी. आणि सर्वांत जास्त मासे मिळायचे ते नोव्हेंबरात, कारण थंडी पडली की अंडी घालण्यासाठी या माद्या खाडीच्या मुखातून भर समुद्राकडे निघतात. वाट अरुंद, झुंड मोठी, आणि काठावर माणसांची रांग. बोलिव्हर द्वीपकल्पावर १९५५ मध्ये खणलेला रोलओव्हर पास नावाचा कालवा याच रांगेसाठी प्रसिद्ध होता. पुढे तो बुजवून टाकण्यात आला.

मासे घटत गेले तसे नियम आवळत गेले. २००९ मध्ये दिवसाच्या दहा माशांचे पाच झाले. नोव्हेंबरात तर भाला बंद, आणि फक्त गळाने दोन. तेवढ्याने भागेना म्हणून २०२१ पासून १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर हा मासा धरायचाच नाही. ऐन हंगामातले सहा आठवडे! म्हातारबांनी यावर बरीच कुरकुर केली. त्यांच्या वडिलांनी त्यांना भाला धरायला शिकवला तो नोव्हेंबरातच. नातवाला मात्र ऑक्टोबरात शिकवावे लागते, आणि ऑक्टोबरात निम्म्या रात्री रिकाम्या जातात. मी त्यांना आपली नारळी पौर्णिमा सांगितली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात तेही सांगितले. सणाची कल्पना त्यांना फार आवडली. नुसत्या सरकारी कागदापेक्षा हे बरे, असे त्यांचे मत पडले. आमच्याकडेही कागद मोडणारे आहेत, हे मी सांगायचे टाळले.

बंदीने माद्या समुद्रापर्यंत पोचतात हे खरे. पण पुढचा पेच वेगळाच आहे. हिवाळ्यात नखाएवढी पिल्ले परत खाडीत येतात आणि उथळ पाण्यात वाढतात. त्यांतली मादी कोण होणार हे केवळ जन्मावर ठरत नाही. त्या कोवळ्या वयात पाणी फार तापले तर मादी व्हायची ती पिल्लेही नर होतात. आणि खाडीचे पाणी तापत चालले आहे. लेक जॅक्सन गावी सरकारी केंद्रात ही पिल्ले वाढवून खाडीत सोडतात. तिथल्या टाक्यांचे पाणी हवे तेवढ्या अंशांवर ठेवता येते. बाहेरच्या खाजणाला ती सोय नाही. म्हातारबांच्या गाडीत मासे मोजायच्या लाकडी पट्टीशेजारी आता एक थर्मामीटरही असतो.