दुखत नव्हतं, म्हणून

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचा बाक सकाळीच भरलाय. उरलेल्या बायका भिंतीला टेकून खाली बसल्यात. मांडीवर पिशवी, पिशवीत केसपेपर. पंखा फिरतो, वारा लागत नाही. दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. ही रांग मात्र स्तनातल्या गाठींची.

नंबर पुकारला जातो. आत अंधार, एसीचा गारठा. पन्नाशीच्या मावशी पदर सावरत पलंगावर चढतात. गार जेल लागताच दचकतात.

"हात डोक्याखाली घ्या, मावशी."

प्रोब फिरतो. पडद्यावरच्या करड्या रेघांत एक काळा, वेडावाकडा डाग. कडा दातेरी, खाली सावली. माप ४.८ सेंटिमीटर. प्रोब काखेकडे सरकतो. तिथल्या गाठीही फुगल्यात.

"कधीपासून आहे हे?"

"मागल्या दिवाळीपासून. पण दुखत नव्हतं ना."

हे इथं नेहमीचं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला, ९८ हजारांच्या आसपास दगावल्या. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून घरात कुणाला सांगितलं जात नाही. आशाताईंनी दारोदार आधी हेच सांगायला हवं: न दुखणारी गाठही लगेच दाखवा.

मावशींच्या गाठीवरची जागा बधिर होते. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडम तुकडा काढायची बायोप्सीची गन आधी हवेत चालवून दाखवतात. खट्! "एवढाच आवाज. हलू नका." पडद्यावर सुई पांढरी रेघ होऊन गाठीत शिरते. खट्. शेवईच्या तुकड्यासारखा पांढुरका नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत तळाशी जातो. मॅडमना हायसं वाटतं. बुडाला म्हणजे बहुधा नमुना चांगला. असे चार-पाच. ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या त्यावरच होणार, औषध त्यांवरूनच ठरणार.

पुढच्या ताईंच्या डोक्याला स्कार्फ. केमो चालू आहे. जुन्या रिपोर्टात गाठ ५.२ सेंटिमीटर, आज २.९. गाठ पुरती विरघळली तरी सर्जनला जागा सापडावी म्हणून आत बारीकशी क्लिप आहे, तीही सोनोग्राफीत बघूनच बसवलेली. ताई आकडा पुन्हा विचारून घेतात.

मग व्हीलचेअर. आजार फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेलाय. आजींना बसूनही धाप लागते. पाठीवर प्रोब टेकतो, पडद्यावर काळंभोर पाणी. मॅडम पेनानं खूण करतात, सुई तिथंच. नळीतून तांबूस पाणी उतरू लागतं.

"आज आडवं पडून झोपतील का हो?" सून विचारते.

"झोपतील असं वाटतंय. पण पाणी परत भरतं. धाप वाढली की लगेच आणा, तारखेची वाट बघू नका."