एसी मधूनच बंद पडतो? लगेच गॅस भरू नका

मोटारगाडीचा एसी सुरू केला की गार हवा येते, अर्ध्या तासाने ती गरम होते आणि काही वेळाने पुन्हा गार. ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते, पण गॅरेजमध्ये एसी व्यवस्थित चालतो. मग मिस्त्री अंदाजाने गॅस भरून देतो. आठवड्याने गाडी पुन्हा दारात उभी! गिऱ्हाईक तिसऱ्यांदा मात्र दुसरे गॅरेज शोधते.

गळून गेलेला गॅस आपोआप परत येत नाही. म्हणून गारवा येत-जात असेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. कारागीर बांधवांनी पाना हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एकच विचारावे : दोष नेमका केव्हा येतो?

१) सिग्नलला गरम, हायवेवर गार : कंडेन्सरला हवा मिळत नाही. फॅन, त्याचा रिले आणि जाळीतला कचरा पाहावा. गॅसचा दाब फार वाढला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. जाळी साध्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

२) लांबच्या प्रवासात हवेचा झोतच कमी होणे : कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो. एसी थोडा वेळ बंद ठेवला की बर्फ वितळतो व हवा येते. थर्मोस्टॅट किंवा कॉइलचा सेन्सर वेळेवर कॉम्प्रेसर बंद करत नाही, असे समजावे. केबिन फिल्टरही पाहावा.

३) झोत पूर्ण, पण हवा गरम, थांबून सुरू केल्यावर पुन्हा गार : गॅसच्या मार्गात ओल शिरली असेल तर ती एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते. ड्रायर बदलावा व किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावे.

४) इंजिन तापल्यावर बंद, निवल्यावर सुरू : क्लच तपासावा. प्लेट व पुलीमधील फट सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. झिजेने ती वाढते. तापलेल्या कॉइलचे चुंबकत्व कमी पडते आणि प्लेट ओढली जात नाही.

५) क्लच वारंवार चालू-बंद होणे : येथे मात्र गॅस कमी असण्याचा संभव मोठा. गेज लावावे, आधी गळती शोधावी, मगच गॅस भरावा.

खरी परीक्षा दोष हजर असतानाच होते. त्यासाठी गाडी चालवून आणावी आणि हवा गरम होताच क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लागला तरी प्लेट ओढली जात नसेल, तर दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. दिवा लागलाच नाही, तर मागे रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट असे क्रमाने जावे. फिरत्या पट्ट्यापासून हात व बाही दूर ठेवावी. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो. तेथे स्कॅनर लागतो.

गॅस भरताना बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेला प्रकार व वजनच पाळावे. आर-१३४ए व आर-१२३४वायएफ एकमेकांत मिसळू नयेत.

तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी आणि सापडलेला दोष बिलावर लिहावा. गॅसच्या एका भरणीत सुटणारा नफा थोडा. हातचे गिऱ्हाईक जाणे हा तोटा कायमचा.