दूरच्या यानाचा माग आणि गोंगाटाचे गणित

नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यास शनीकडे निघालेल्या 'कॅसिनी' यानाची हकीकत उपयोगी पडते.

गुरुत्वीय लहर जाताना दोन वस्तूंमधील अंतर किंचित ताणले वा आक्रसले जाते. मग पृथ्वी आणि दूरचे यान यांच्यामधील अंतरावरच नजर का ठेवू नये? नोव्हेंबर २००१ पासून ४० दिवस शास्त्रज्ञांनी तेच केले. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या ३४ मीटर व्यासाच्या अँटेनाने रेडिओ लहर धाडायची, यानाने ती परतवायची आणि तिच्या कंप्रतेतील बदल मोजायचा. एका फेरीला दीड तासाहून अधिक वेळ लागे.

या मापनात गोंगाट, म्हणजे माप बिघडवणारा अनाहूत बदल, प्रामुख्याने चार वाटांनी शिरतो. पहिली वाट सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांची. त्यांचा परिणाम कमी कंप्रतेवर अधिक होतो. म्हणून एकाच वेळी वेगवेगळ्या कंप्रता वापरून तो वजा करता येतो. शिवाय सूर्य व यान पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असतानाचा काळ मुद्दाम निवडला गेला. दुसरी वाट हवेतील बाष्पाची. ते या सर्व कंप्रतांना सारखेच अडवते. त्यामुळे अँटेनाशेजारी उपकरणे ठेवून ते स्वतंत्रपणे मोजावे लागते. तिसरी घड्याळाची आणि चौथी खुद्द अँटेनाची. वारा, ऊन आणि स्वतःचे वजन यांमुळे ती लवते.

प्रत्येक गोंगाटाची खूण निराळी असते. घड्याळाची चूक नोंदीत दोनदा, पण उलट चिन्हांनी दिसते. अँटेनाची थरथर दोनदा, सारख्याच चिन्हाने. गुरुत्वीय लहर मात्र तीनदा उमटते. एवढी चाळणी लावूनही अखेरीस उरला तो मुख्यतः अँटेनाचा गोंगाट. लहर सापडली नाही; ती किती मोठी असू शकत नाही, एवढेच ठरवता आले.

लायगोची रचना याच अडचणींवरचा उपाय म्हणून पाहता येते. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर किरण निर्वात नळ्यांतून धावतात. म्हणजे हवा व बाष्प वगळले गेले. दोन भुजांची परस्पर तुलना होत असल्याने लेसरमधील चढउतार बव्हंशी रद्द होतात. आरसे लंबकांसारखे टांगलेले असल्याने जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. अर्थात यानाद्वारे शोधल्या जाणाऱ्या लहरी अतिशय संथ, तर लायगोच्या लहरी सेकंदाला दहा ते काही हजार आवर्तनांच्या. दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप सोसलेल्या लातूरकरांना जमीन हलते हे सांगायला नको. मात्र लायगोला मोजायचा असतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान बदल. त्यापुढे मालमोटारीची ये-जा किंवा खाणीतील सुरुंगही फार मोठा ठरतो. म्हणूनच शांत जमीन ही या प्रकल्पाची पहिली गरज आहे. औंढ्याच्या परिसरातील रस्ते, खाणी व उद्योग यांची आखणी करताना ही शांतता जपणे, हा यापुढे विज्ञानाइतकाच नियोजनाचाही विषय राहील.