जहाजावरील पंपांची निवड : चूषणाचा विचार

यंत्रे थंड ठेवणारे समुद्रजल, जहाजाचा तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरावयाचे पाणी, इंधनतेल, वंगणतेल आणि तळाच्या बिल्जमध्ये साचणारे तेलकट पाणी हे सर्व द्रव जहाजावर पंपांनीच हलवावे लागतात. या पंपांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. केंद्रोत्सारी पंपात पात्यांचे चक्र द्रवास वेग देते व त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. विस्थापन पंपात दट्ट्या, दंतचक्रे अथवा मळसूत्रे द्रवाचा ठराविक भाग पुढे ढकलतात.

द्रव पातळ व प्रवाह मोठा असेल तेथे केंद्रोत्सारी पंप इष्ट होय. घट्ट तेलाच्या बाबतीत श्यानतेमुळे त्याची कार्यक्षमता खालावते. म्हणून तेथे दंतचक्री वा मळसूत्री पंप योजतात. मात्र निर्गममार्ग बंद झाल्यास अशा पंपातील दाब वाढतच जातो. सबब त्यास सुरक्षा-झडप अपरिहार्य ठरते.

तथापि निवडीचा खरा कस चूषणाच्या बाजूस लागतो. केंद्रोत्सारी पंपाने निर्माण केलेला दाब द्रवाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. पाणी २० मीटर चढविणारा पंप हवेने भरलेला असल्यास केवळ २० मीटर उंचीच्या हवेच्या स्तंभाइतका, म्हणजे पाण्याच्या सुमारे २.५ सेंटिमीटर उंचीइतकाच दाबफरक निर्माण करू शकतो. बिल्जमधील पाणी उथळ असते. जहाज डोलू लागले की चूषणनलिकेचे मुख उघडे पडून हवा आत शिरते आणि पंप फिरत असूनही पाणी उचलत नाही. दट्ट्याचा पंप ही हवा स्वतःच बाहेर काढतो. केंद्रोत्सारी पंपास त्यासाठी हवा काढणारी स्वतंत्र जोडणी द्यावी लागते.

दुसरी अडचण तेलाची. यंत्रघराच्या बिल्जमधील पाणी समुद्रात सोडताना त्यातील तेल दशलक्ष भागांत १५ हून अधिक असता कामा नये, असे मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. वेगाने फिरणारे चक्र तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करते व ते विभाजकात वेगळे होत नाहीत. म्हणून विभाजकासाठी मंदगती विस्थापन पंप श्रेयस्कर ठरतो.

परंतु यंत्रघरात पाणी शिरू लागल्यास हा लहान पंप अपुरा पडतो. अशा वेळी समुद्रजलाच्या मोठ्या केंद्रोत्सारी पंपाचे आपत्कालीन चूषण उघडतात. तो पंप खालच्या पातळीवर बसविलेला असल्याने वाढते पाणी त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचते व पूर्वोक्त दोष उरत नाही. तात्पर्य, पंपाची योग्यता केवळ त्याच्या प्रकारावरून ठरत नाही; तो कोठे बसविला आहे आणि त्याच्या मुखाशी काय येणार आहे, यावरून ती ठरते.